विंगेतली जबानी: ‘द जी-स्ट्रिंग मर्डर्स’ या कादंबरीची प्रस्तावना

‘द जी-स्ट्रिंग मर्डर्स’ ही रहस्यकादंबरी न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने १९४१ मध्ये आपल्या ‘इनर सँक्टम’ या रहस्यकथामालेत प्रसिद्ध केली. तिची लेखिका जिप्सी रोझ ली ही त्या वेळी अमेरिकेतील सर्वाधिक गाजलेली स्ट्रिपटीज कलावती होती. स्ट्रिपटीज म्हणजे संगीताच्या साथीने, प्रेक्षकांची उत्कंठा ताणत ताणत, रंगमंचावर एकेक वस्त्र उतरवण्याचा प्रकार, आणि तो ज्या नाट्यगृहांत मुख्यत्वे चाले त्यांना बर्लेस्क थिएटर म्हणत. कादंबरीचे कथानक अशाच एका थिएटरच्या रंगपटात घडते, निवेदन करणाऱ्या नर्तिकेचे नावही जिप्सी रोझ ली हेच आहे, आणि खुनाचे हत्यार आहे ते नर्तिकेच्या अंगावर अखेरपर्यंत राहणारी, कमरेच्या दोरीला बांधलेली चिंचोळी पट्टी, म्हणजेच शीर्षकातील जी-स्ट्रिंग. एवढ्या भांडवलावर पुस्तक खपले नसते तरच नवल. ते भरपूर खपले, आणि बहुधा त्या खपामुळेच पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांनी त्याची दखल एक गमतीची चीज म्हणूनच घेतली.

रहस्यकथेच्या काट्यावर तोलली तर ही कादंबरी दुय्यम ठरते, हे आरंभीच मान्य करावे लागेल. कथानकाची वीण सैल आहे, काही धागे मध्येच सुटतात आणि उकल वाचकाने स्वतः शोधून काढावी इतके पुरावे त्याच्या हाती वेळेवर पडत नाहीत. तरीही या पुस्तकाला रहस्यकथेचाच साचा हवा होता, कारण खून झाला की प्रत्येकाला जबानी द्यावी लागते, आणि जबानी द्यायची म्हणजे अमुक वेळी आपण कुठे होतो, काय करत होतो, कोणाशी बोलत होतो, हे सांगावे लागते. बर्लेस्कविषयीचे त्या काळचे बहुतेक लेखन तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या पुरुषाने, नाहीतर त्या खुर्चीवर बंदी आणू पाहणाऱ्या नीतिरक्षकाने केलेले आहे, आणि दोघांचेही लक्ष रंगमंचावरच्या पाच-सात मिनिटांपलीकडे जात नाही. उरलेल्या तासांचा हिशेब, म्हणजे जिना, विंग, मेकअपचा आरसा, उधारी, भांडण, पाळीची सुट्टी, पगाराचे पाकीट, हे सारे या कादंबरीत येते ते पोलीस विचारतात म्हणून. कामाच्या जागेचे इतके तपशीलवार चित्र लेखिकेने सरळ आत्मकथनातून मांडले असते तर ते तक्रारीसारखे वाटले असते. तपासाच्या निमित्ताने मात्र ते अपरिहार्य होऊन बसते.

बर्लेस्क या प्रकाराची पूर्वपीठिका येथे सांगणे आवश्यक आहे. मूळ अर्थाने तो विडंबननाट्याचा एक प्रकार होता, ज्यात पुराणकथा, ऑपेरा किंवा शेक्सपिअरची नाटके यांची पद्यमय थट्टा केली जाई. इंग्लंडहून आलेल्या लिडिया थॉम्प्सन हिच्या मंडळीने १८६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘इक्सिऑन’ हे विडंबन सादर केले तेव्हा त्यातील पुरुषपात्रे स्त्रियांनी घट्ट चड्ड्या घालून रंगवली, आणि पायांचा आकार उघड दिसणाऱ्या त्या वेषावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. गदारोळाने गर्दी वाढली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत विडंबन मागे पडून स्त्रीदेह पुढे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवसायाची ‘व्हील’ नावाची व्यवस्था बसली. व्हील म्हणजे नाट्यगृहांची अशी साखळी, की जिच्यात प्रत्येक कंपनी आठवडाभर एका गावी खेळ करून पुढच्या गावी जाई आणि तिच्या जागी मागची कंपनी येई. कोलंबिया व्हील स्वतःला सोज्वळ म्हणवून घेई, तर १९२२ मध्ये सुरू झालेली म्युच्युअल व्हील तसे काही म्हणवून घेत नसे. मंदीच्या तडाख्यात १९३१ मध्ये म्युच्युअल व्हीलही कोलमडली, आणि फिरत्या कंपन्यांची जागा एकाच थिएटरात मुक्काम ठोकून बसलेल्या ‘स्टॉक’ संचांनी घेतली. कादंबरीतील संच याच प्रकारचा आहे, आणि त्याच त्या माणसांनी त्याच त्या खोलीत महिनोन्‌महिने एकत्र राहिल्याशिवाय जे वैर मुरत नाही ते वैर या कथानकाला अशा मुक्कामी संचामुळेच मिळते.

न्यूयॉर्कमध्ये या व्यवसायावर एब, बिली, हर्बर्ट आणि मॉर्टन या मिन्स्की बंधूंचे नाव कोरले गेले. मॅनहॅटनच्या आग्नेय भागातील हाउस्टन स्ट्रीटवरच्या ‘नॅशनल विंटर गार्डन’ या त्यांच्या थिएटरात स्थलांतरित कष्टकऱ्यांची गर्दी होई; नर्तिकांना प्रेक्षकांच्या अगदी मधोमध आणणारी, रंगमंचापासून प्रेक्षागृहात शिरलेली लांब फळी हे तिथले वैशिष्ट्य होते. १९२५ मध्ये तिथे पडलेली पोलिसांची धाड पुढे दंतकथा बनून राहिली. मंदी आली, ब्रॉडवेवरील नाट्यगृहे ओस पडू लागली, आणि १९३१ मध्ये बिली मिन्स्कीने चक्क बेचाळिसाव्या रस्त्यावरचे ‘रिपब्लिक’ थिएटर भाड्याने घेऊन तिथे बर्लेस्क सुरू केले. प्रतिष्ठित नाट्यव्यवसायाच्या दारातच हा खेळ उभा राहिला, ही गोष्ट आसपासच्या मालमत्ताधारकांना नर्तिकांच्या वस्त्रांपेक्षा कितीतरी अधिक झोंबली असावी, असे नंतरच्या घडामोडी पाहता वाटते.

खेळाची रचना ठरलेली असे, आणि ती समजून घेतल्यावाचून कादंबरीतील तपास कळणार नाही. समूहनृत्याने सुरुवात, मग विनोदी प्रवेश, मग गाणे, मग स्ट्रिपटीज, पुन्हा विनोदी प्रवेश, अशी फिरती माळ दिवसातून अनेकदा सादर होई. विनोदी नटांत ‘टॉप बनाना’ म्हणजे पहिल्या मानाचा विदूषक, त्याच्या खालचा ‘सेकंड बनाना’, आणि गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारून विदूषकाला विनोदाची संधी देणारा तो ‘स्ट्रेट मॅन’. त्यांचे प्रवेश लिहिलेले नसत. ते ‘बिट्स’ या नावाने सगळ्या धंद्याची सामाईक मालमत्ता होते, आणि अनुभवी नट फक्त नाव ऐकून उभ्या उभ्या प्रवेश करू शके. तमाशातील बतावणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पद्धतीची कल्पना सहज येईल. बर्ट लार, फिल सिल्व्हर्स, ॲबट आणि कॉस्टेलो हे पुढे चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर नावारूपाला आलेले विनोदवीर याच शाळेतून बाहेर पडले. मध्यंतरात ‘कँडी बुचर’ नावाचा विक्रेता मंचाच्या कडेला उभा राहून, खोक्यात बक्षीस लपले असल्याची थाप मारत गोळ्या-चॉकलेट आणि चावट चित्रे खपवी. तिकीट विकणाऱ्याच्या पायाशी एक बटण असे. गणवेशातला पोलीस किंवा परवाना खात्याचा निरीक्षक आत शिरताना दिसला की ते दाबले जाई, मंचाच्या पायथ्याशी असलेल्या दिव्यांपैकी लाल दिवा पेटे, आणि नर्तिका त्या क्षणापासून सभ्य होई. कादंबरीच्या आरंभी पडणाऱ्या धाडीत नेमका हाच इशारा मिळत नाही, आणि मंचावरचा गोंधळ तिथून सुरू होतो.

या इशाऱ्याच्या दिव्यामागे जे सरकारी राजकारण होते त्याचा काळ कादंबरीच्या काळाशी लागून आहे. फिओरेलो ला गार्डिया १९३४ च्या आरंभी न्यूयॉर्कचे महापौर झाले आणि त्यांचे परवाना आयुक्त पॉल मॉस यांनी बर्लेस्क थिएटरांच्या मागे ससेमिरा लावला. खटले भरून दोष सिद्ध करण्याचा मार्ग लांबचा आणि अनिश्चित होता. त्याऐवजी १९३७ च्या वसंतात थिएटरांच्या परवान्यांची मुदत संपताच मॉस यांनी त्यांचे नूतनीकरण नाकारले आणि एका फटक्यात शहरातील हा व्यवसाय बंद पाडला. काही थिएटरे पुढे ‘फॉलीज’ किंवा ‘व्हरायटी’ अशा नावांनी पुन्हा उघडली, पण फलकावर ‘बर्लेस्क’ हा शब्द किंवा ‘मिन्स्की’ हे नाव लावण्यास मनाई झाली, आणि १९४२ मध्ये उरलीसुरली थिएटरेही बंद करण्यात आली. बेकार झालेल्या शेकडो नर्तिका, वादक, शिवणकाम करणाऱ्या बायका आणि मंचकामगार यांची बाजू या निर्णयात फारशी कोणी मांडली नाही. स्त्रियांचे रक्षण करण्याच्या नावाखाली त्यांची रोजी काढून घेणारे हे परवाना-राजकारण महाराष्ट्राने २००५ मध्ये डान्स बारवर घातलेल्या आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवलेल्या बंदीच्या निमित्ताने जवळून पाहिलेले आहे. दोन्ही जगांत अंतर पुष्कळ असले तरी परवान्याचा कागद हे हत्यार दोन्हीकडे सारखेच होते.

कादंबरी प्रसिद्ध झाली ती या दोन तारखांच्या, म्हणजे १९३७ आणि १९४२ च्या मध्ये, आणि त्यामुळे तिचे ‘ओल्ड ऑपेरा’ नावाचे काल्पनिक थिएटर आरंभापासूनच मरणपंथाला लागलेल्या वास्तूसारखे आहे. नावातच त्याचा पूर्वेतिहास आहे: एके काळी जिथे ऑपेरा झाले तिथे आता लाल दिव्याच्या भरवशावर खेळ चालतो, आणि या अधोगतीची खंत बाळगणारी माणसे त्याच इमारतीत वावरतात. थिएटरच्या मालकाचे नाव लेखिकेने एच. आय. मॉस असे ठेवले आहे. ज्या आयुक्ताने असली थिएटरे बंद पाडली त्याचे आडनाव असल्या थिएटरच्या मालकाला चिकटवणे हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे.

लेखिकेचे मूळ नाव रोझ लुईस होविक. तिचा जन्म १९११ मध्ये सिअ‍ॅटल येथे झाला, आणि बालपण व्हॉडव्हिलच्या दौऱ्यांत गेले. व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, नृत्य, जादू, कसरती अशा सुट्या नमुन्यांचा कौटुंबिक मनोरंजनाचा कार्यक्रम. आई रोझ हिने धाकटी बहीण जून हिला मुख्य आकर्षण करून मुलांचा एक संच बांधला होता आणि लुईस त्यात मागच्या रांगेत, बहुधा मुलाच्या वेषात, उभी असे. १९२८ च्या अखेरीस जून लग्न करून पळून गेली, बोलपटांनी व्हॉडव्हिलचा पाया उखडला, आणि ना गाता येणारी, ना नाचता येणारी थोरली मुलगी उपजीविकेसाठी बर्लेस्कमध्ये आली. १९३१ मध्ये ती मिन्स्कींच्या रिपब्लिकमध्ये दाखल झाली तेव्हा जिप्सी रोझ ली हे नाव तिने धारण केलेले होते. तिची खासियत अशी की ती फार थोडे उतरवी आणि फार बोले. पोशाख टाचण्यांनी जोडलेला असे. एकेक टाचणी काढून वादकांच्या दिशेने टाकत, साहित्य आणि तत्त्वज्ञानाविषयी खेळकर भाष्य करत ती संथपणे मंचावर फिरे. या विद्वत्तेच्या सोंगाची कीर्ती इतकी झाली, की १९४० च्या ‘पॅल जोई’ या संगीतिकेत तिच्यावर बेतलेले एक विडंबनगीतच घालण्यात आले. त्याआधी १९३७ मध्ये ती हॉलिवुडमध्ये गेली होती, पण नीतिरक्षक मंडळांच्या दबावामुळे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिला लुईस होविक हे जुने नाव वापरावे लागले. ज्या नावाला किंमत होती तेच नाव पडद्यावर चालत नव्हते.

कादंबरीच्या लेखनाचा आरंभ १९४० च्या सुमारास, ब्रुकलिनमधील ७, मिडॉ स्ट्रीट या पत्त्यावरच्या घरात झाला. या घराचा पसारा जॉर्ज डेव्हिस या संपादकाने मांडला होता आणि त्यात कवी डब्ल्यू. एच. ऑडेन, कादंबरीकार कार्सन मॅककलर्स, संगीतकार बेंजामिन ब्रिटन, गायक पीटर पिअर्स, लेखक दांपत्य पॉल आणि जेन बोल्स अशी मंडळी कमी-अधिक काळ राहून गेली. अनेकांचे वाढदिवस फेब्रुवारीत येत म्हणून लेखिका अनाइस निन हिने त्याला ‘फेब्रुवारी हाउस’ म्हटले, आणि तेच नाव टिकले. घर मात्र टिकले नाही, कारण १९४५ मध्ये रस्त्याच्या कामासाठी ते पाडण्यात आले. डेव्हिसने कादंबरीच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत मदत केली, यात शंका नाही. पुढचा बराच भाग जिप्सीने शिकागोतील कार्यक्रमांच्या काळात, दोन खेळांच्या मधल्या वेळात लिहिला आणि प्रकाशनसंस्थेची संपादिका ली राइट हिच्याशी पत्रव्यवहार करत तो दुरुस्त केला.

पुस्तक बाजारात येताच ते तिने लिहिलेलेच नाही, अशी कुजबुज सुरू झाली, आणि ती अनेक संदर्भग्रंथांत दीर्घकाळ वस्तुस्थिती म्हणून छापली गेली. पडद्यामागची खरी लेखिका म्हणून क्रेग राइस हिचे नाव घेतले जाई. राइस ही त्या काळातील विनोदी ढंगाच्या रहस्यकथांची आघाडीची लेखिका होती, १९४६ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली होती, आणि अभिनेता जॉर्ज सँडर्स याच्या नावावर निघालेल्या रहस्यकादंबरीत तिचा हात होता, त्यामुळे हा तर्क वरकरणी पटण्यासारखा होता. परंतु जिप्सीची ली राइट हिला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतून खर्डे, दुरुस्त्या, पात्रांविषयीचे वाद, कोणता प्रसंग ठेवायचा आणि कोणता गाळायचा यांची चर्चा इतक्या बारकाव्यानिशी येते, की पुस्तक तिचेच असल्याबद्दल अभ्यासकांना आज सहसा संशय उरलेला नाही. याच पत्रांत, खप वाढावा म्हणून मेसीज या बड्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत आपला कार्यक्रम करून दाखवण्याची तयारीही तिने दर्शवली आहे.

संशयाच्या मुळाशी पुराव्यापेक्षा समजूत अधिक होती. रंगमंचावर वस्त्रे उतरवणारी बाई वाक्य रचू शकत नाही, ही ती समजूत. आणि जिप्सीचा मंचावरचा अवघा कार्यक्रम याच समजुतीची टिंगल करण्यावर उभा होता, हे तिच्या टीकाकारांच्या ध्यानात आले नाही. खरे तर शैलीचीच साक्ष पुरेशी आहे. राइसच्या गद्यात प्रसंग रचून नेण्याची सफाई आहे, ती या कादंबरीत दिसत नाही. उलट इथे आहे ते विंगेत उभे राहून ऐकलेले, तुटक, चढाओढीचे संभाषण, ज्यात प्रत्येक जण दुसऱ्याचे वाक्य संपण्याआधी आपला विनोद खपवू पाहतो. ही लकब ‘बिट्स’मधून आलेली आहे, आणि ती कमावण्यासाठी रोज त्याच विंगेत उभे राहणे भाग होते.

कथानकाचा फार मोठा भाग येथे उघड करण्याचे कारण नाही, तरी त्याचा केंद्रबिंदू सांगावाच लागेल. स्त्रियांच्या सामाईक रंगपटातील संडास मोडका आणि घाणेरडा आहे. तो बदलून नवा बसवला जातो, आणि त्याच्या उद्घाटनाप्रीत्यर्थ नर्तिका चक्क मेजवानी भरवतात. समारंभाने दार उघडले जाते तेव्हा आत लोलिता ला व्हर्न या नर्तिकेचे प्रेत आढळते. तिचा गळा जी-स्ट्रिंगने आवळलेला असतो. रहस्यकथेच्या परंपरेत बंद खोलीतल्या प्रेताला मानाचे स्थान आहे, पण ती खोली सहसा उमरावाच्या वाड्यातले ग्रंथालय असते. संडासाला ते स्थान देण्याची कल्पना दुसऱ्या कोणाला सुचणे कठीण होते, कारण दिवसाचे बारा-चौदा तास एका खोलीत काढणाऱ्या बायकांच्या दृष्टीने त्या सोयीचे महत्त्व किती, हे तिकीट काढून आलेल्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नवा संडास ही त्या रंगपटातली वर्षातली सर्वांत मोठी बातमी आहे, आणि लेखिका ती बातमी खुनाच्या बातमीइतक्याच गांभीर्याने देते. यातला विनोद तीक्ष्ण आहे आणि त्यातला राग त्याहून तीक्ष्ण.

याच रंगपटात श्रेणीही आहेत. फलकावर मोठ्या अक्षरांत नाव असलेली आणि समूहात नाचणारी यांच्या पगारात, आरशाच्या जागेत आणि जिन्याच्या पायऱ्यांत फरक आहे. ‘प्रिन्सेस निर्वेना’ हे भपकेबाज नाव लावून बाहेरून आलेली नर्तिका जुन्यांच्या डोळ्यांत सलते ते तिच्या नावामुळे नव्हे, कार्यक्रमातली मोक्याची जागा तिला मिळते म्हणून. एक नर्तिका कलावंतांच्या संघटनेची पदाधिकारी आहे आणि नियमावली तोंडपाठ म्हणून दाखवते. हा तपशील हवेतून आलेला नाही: मंदीच्या काळात बर्लेस्क कलावंतांनी संघटना बांधली होती आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या थिएटरांत संपही केला होता. जी-स्ट्रिंग विकणारा फिरता विक्रेता दारात येतो, मण्यांच्या आणि लोकरीच्या पट्ट्यांची किंमत पाडून मागितली जाते, आणि हत्यार कोणाचे हा पोलिसांचा प्रश्न प्रत्यक्षात कोणी कोणता माल कधी घेतला या हिशेबावर येऊन ठेपतो.

आणि तपासाचा कणा आहे तो खेळाचा क्रम. पोलीस अधिकारी घड्याळाची वेळ विचारतो, उत्तर देणारी नर्तिका मात्र कोणता प्रवेश चालू होता ते सांगते: विदूषकाची अमुक बिट संपत आली होती, पडदा अर्धा उतरला होता, वाद्यवृंदाने तिच्या गाण्याची सुरुवात केली होती. मंचावर असणे ही या जगातली सर्वांत भक्कम साक्ष, कारण शेकडो पुरुष एकटक पाहत असतात. आणि मंचावरून उतरल्यावर पुढच्या प्रवेशापर्यंतची काही मिनिटे ही सर्वांत संशयास्पद. नागव्या देहाकडे टक लावून बसलेले प्रेक्षागृह अनायासे साक्षीदारांची फळी बनते आणि तरीही त्यातला एकही जण तपासाच्या उपयोगी पडत नाही, ही रचना लेखिकेने जाणूनबुजून केली असो वा नसो, ती कादंबरीतील सर्वांत सरस युक्ती आहे. शंका घ्यावी अशी एक गोष्ट मात्र राहते. इतके पाहणारी, इतके लक्षात ठेवणारी निवेदक अखेरच्या उकलीत बरीचशी मागे सरकते आणि पुढाकार तिचा प्रियकर, विदूषक बिफ ब्रॅनिगन याच्याकडे जातो. बाजारातील रूढ अपेक्षेपुढे लेखिकेने येथे मान तुकवली, असेच म्हणावे लागते. परकीय आणि अन्यवर्णीय पात्रांविषयीचे शेरेही त्या काळाच्या विनोदी रंगमंचावरून जसेच्या तसे आलेले आहेत आणि आजच्या वाचकाला ते खटकतील.

नाट्यगृहात घडणारा खून हा विषय १९४१ मध्ये नवा नव्हता. एलरी क्वीन या जोडनावाने लिहिणाऱ्या लेखकद्वयाची पहिली कादंबरी १९२९ मध्ये ब्रॉडवेच्या प्रेक्षागृहातल्या प्रेतानेच सुरू होते. स्वतः नाट्यदिग्दर्शिका असलेल्या नाओ मार्श हिने १९३५ आणि १९३७ मध्ये रंगमंचावरच्या आणि फिरत्या नाटकमंडळीतल्या खुनांच्या कथा लिहिल्या. मायकेल इन्स याने उमरावाच्या वाड्यातील हॅम्लेटच्या प्रयोगात खून घडवला. या सर्वांत बाहेरचा चतुर पुरुष येऊन नटमंडळींचे निरीक्षण करतो. मराठी वाचक ज्यांच्यावर पोसला त्या बाबूराव अर्नाळकरांच्या कथांतही धनंजय आणि छोटू बाहेरूनच घटनास्थळी येतात. जिप्सीच्या कादंबरीत निरीक्षण होते ते आतून, आणि निरीक्षण करणारी व्यक्ती स्वतः संशयितांच्या यादीत असते.

हॉलिवुडने १९४३ मध्ये या कादंबरीवर ‘लेडी ऑफ बर्लेस्क’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक विल्यम वेलमन, नायिका बार्बरा स्टॅनविक, जिने स्वतः उमेदवारीच्या काळात समूहनृत्यात काम केले होते. हॉलिवुडच्या नीतिसंहितेच्या बंधनांमुळे शीर्षकातून जी-स्ट्रिंग गेली, नायिकेचे नाव डिक्सी डेझी झाले, आणि थिएटरमालकाच्या आडनावातला मॉस जाऊन तिथे फॉस आला. स्टॅनविकच्या चपळाईमुळे चित्रपट पाहण्याजोगा आहे, पण कॅमेरा पुन्हा प्रेक्षागृहातल्या खुर्चीत जाऊन बसतो आणि कादंबरीची दिशाच उलटी होते. जिप्सीचे नाव पुढे जगभर गेले ते १९५७ चे तिचे आत्मचरित्र आणि त्यावरची १९५९ ची ‘जिप्सी’ ही संगीतिका यांमुळे. रहस्यकादंबरी या दोहोंच्या सावलीत गेली आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी लक्ष घालीपर्यंत तिथेच राहिली.

तिने आणखी एकच रहस्यकादंबरी लिहिली. ‘मदर फाइंड्स अ बॉडी’ १९४२ मध्ये निघाली, आणि तीत जिप्सी व बिफ लग्नानंतर ट्रेलर नावाच्या फिरत्या घरात टेक्ससमध्ये मुक्काम करतात, सोबतीला बर्लेस्कमधले जुने साथीदार, पाळीव प्राणी आणि नायिकेची आई. आईचे व्यक्तिचित्र भेदक उतरले आहे आणि संवाद पूर्वीइतकेच झणझणीत आहेत, परंतु मोकळ्या मैदानातल्या त्या तळावर कोणाचा प्रवेश केव्हा, याला ठराविक वेळ नाही, वरच्या मजल्यावरून धावत खाली येण्याची घाई नाही, वाद्यवृंद कोणाला बोलावत नाही. त्यामुळे जो तो दिवसभर कुठेही असू शकतो, आणि पोलिसाने विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या कादंबरीत जे वजन होते ते दुसरीत येत नाही.